गाव सोडलेल्या आजोबांचा माग

सिल्लोडकडच्या आपल्या वस्तीत म्हाताऱ्यांना विचारा, आजोबा शहरात का गेले? उत्तर ठरलेलं असतं: "पोटासाठी." हे अर्धसत्य आहे. उपाशी तर इतरही होते. आपले लोक येसकरी, मेलेली ढोरं ओढणं आणि भाकरतुकडा मागणं सोडून गेले. ते पोटासाठी गेले, तसे माणूस म्हणून जगायलाही गेले. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीयतेचं डबकं, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत सांगितलं. आपल्या आजोबांना ते अनुभवानं माहीत होतं.

पण शहरातही जात आधीच पोहोचली होती. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे. विटाळाच्या नावाखाली जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, त्यांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड आपल्यापासून लांब नाही. औरंगाबादहून निजामाची रेल्वे तिथेच जात होती.

1978 ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरं जाळली गेली आणि पुन्हा लोकांनी गाव सोडलं. चिकलठाणा, वाळूजच्या कामगार वस्त्यांचा इतिहास लिहिताना ही जळालेली घरं वगळता येणार नाहीत.

आज हा माग काढणं केवळ भावनेचा विषय नाही. जातीच्या दाखल्यासाठी सरकार 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतं. तेव्हा सिल्लोड हैदराबाद राज्यात होतं, निजामकाळाचं दप्तर उर्दूत. ज्यांना शाळेच्या दारातून हाकललं, त्यांच्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागायचा, हा कुठला न्याय?

म्हणून कामाला लागा. गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. जन्म-मृत्यूची नोंदवही आणि जमिनीचे जुने कागद तहसीलमधून नकला मागून घ्या. उर्दू वाचणारा शेजारी सोबत न्या. पेटीतलं कारखान्याचं ओळखपत्र, युनियनची पावती, जुनं रेशनकार्ड जपा. आणि आजीला बोलतं करा. शेतातली, बांधकामावरची तिची मजुरी कुठल्याच हजेरीपटावर सापडणार नाही.

राजांच्या वंशावळी दरबारानं लिहिल्या. कामगारांच्या आपल्यालाच लिहाव्या लागतील. म्हातारी माणसं आहेत तोवर वही उघडा.

जय भीम!