संकेतस्थळाच्या डोमेन नावाची निवड

डोमेन नाव म्हणजे आंतरजालावरील संकेतस्थळाचा माणसाला वाचता येईल व लक्षात ठेवता येईल असा पत्ता होय. संगणक परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. ते अंक स्मरणात राहत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी नावे योजली जातात. एकदा घेतलेले नाव पत्रव्यवहार, छापील साहित्य, इतर संकेतस्थळांवरील दुवे आणि वाचकांची सवय यांत रुजत जाते व पुढे ते बदलणे नुकसानीचे ठरते. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारे नाव निवडताना उच्चार, लेखन, प्रत्यय, कायदा व नूतनीकरण या पाच बाबींचा विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

आर्पानेट या आरंभीच्या जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एकाच धारिकेत नोंदवलेली असत. ही धारिका स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव प्रणालीचा आराखडा मांडला. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन संगणक कंपनीने 'डॉट कॉम' प्रत्ययाचे पहिले नाव नोंदवले. नामव्यवस्थेचा जागतिक समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. भारताचा 'डॉट इन' हा प्रत्यय १९८९ पासून अस्तित्वात असून, २००५ पासून त्याचे व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, या संस्थेकडे आहे.

रचना व मर्यादा

नावातील टिंबांनी वेगळ्या झालेल्या प्रत्येक भागात जास्तीत जास्त ६३ वर्णचिन्हे असू शकतात. मूळ प्रणालीत केवळ रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह चालतात. संयोगचिन्ह आरंभी वा अखेरीस येऊ शकत नाही. रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांत भेद केला जात नाही.

नाव नोंदवणारा त्याचा कायमचा मालक होत नाही. त्याला ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्क मिळतो. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण प्रत्ययांत ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते.

निवडीचे निकष

नाव कानाने ऐकून अचूक लिहिता येणे ही पहिली कसोटी मानली जाते. दूरध्वनीवर सांगताना अक्षरे फोडून सांगावी लागत असतील, तर नाव सदोष समजावे. अंक असलेल्या नावात तो अंकी लिहायचा की अक्षरी, हा प्रश्न उरतो. संयोगचिन्ह बोलण्यात सहज गळते.

नाव आखूड असणे उपयुक्त असते, परंतु तेवढ्याने भागत नाही. ओव्हरस्टॉक या अमेरिकन विक्री कंपनीने २०११ मध्ये 'ओ डॉट को' हे अतिलघु नाव पुढे आणले. मात्र ग्राहक सवयीने अखेरीस 'कॉम' लिहू लागले व कंपनीला आपल्या जुन्या नावाकडे परतावे लागले.

नाव फार संकुचितही नसावे. टेस्ला कंपनीचे पूर्वीचे डोमेन नाव 'टेस्लामोटर्स' असे होते. मोटारींखेरीज अन्य उत्पादने आल्यावर २०१६ मध्ये तिने केवळ 'टेस्ला' हे नाव मिळवले. फेसबुकचा आरंभ 'द' हे उपपद असलेल्या नावाने झाला. २००५ मध्ये दोन लाख डॉलर देऊन उपपदविरहित नाव विकत घेण्यात आले.

स्थलनामांवर आधारलेल्या नावांबाबत वेगळी अडचण संभवते. महाराष्ट्रात १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर अशी नावे झाली. जुन्या नावावर बेतलेले संकेतस्थळ अशा वेळी चालू राहते, पण ओळख व पत्ता यांत अंतर पडते.

मराठी शब्द व लिपी

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एकच रूढ पद्धत नाही. 'ज्ञ' हे जोडाक्षर मराठीत बहुधा 'डी-एन-वाय', हिंदीत 'जी-वाय' व संस्कृत अभ्यासात 'जे-एन' या अक्षरांनी लिहिले जाते. 'ल' व 'ळ', 'त' व 'ट', 'द' व 'ड' यांतील भेद रोमन लिपीत पुसला जातो. दीर्घ 'आ' कोणी एका, तर कोणी दोन अक्षरांनी लिहितो. म्हणून शब्दाची प्रचलित रोमन रूपे आधी तपासणे आणि शक्य असल्यास मुख्य पर्यायी रूपेही नोंदवणे हितावह ठरते.

देवनागरीतील 'डॉट भारत' हा प्रत्यय ऑगस्ट २०१४ मध्ये नोंदणीसाठी खुला झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी आदी भाषांना तो उपलब्ध आहे. अशी नावे प्रणालीच्या आत रोमन संकेतमालेत रूपांतरित होतात, त्यामुळे काही ठिकाणी मूळ नावाऐवजी ती अगम्य मालिका दिसते. शिवाय 'वाऱ्यावर' या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. दिसण्यास एकसारखी असणारी ही रूपे यंत्राच्या लेखी भिन्न असतात. देवनागरी नाव निवडताना अशी अक्षरे टाळणे सोयीचे असते.

प्रत्ययाची निवड

प्रत्यय हा नावाच्या आयुष्याचा भाग असतो. युगोस्लाव्हिया हे राष्ट्र लयास गेल्यावर त्याचा 'डॉट वाययू' हा प्रत्यय २०१० मध्ये बंद झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून केवळ ब्रिटनमधील पत्त्याच्या आधारे 'डॉट ईयू' नावे धारण करणाऱ्या संस्थांचा त्यांवरील हक्क संपला. परदेशाचा प्रत्यय केवळ आकर्षक म्हणून घेताना त्या देशाचे नियम व राजकीय स्थैर्य पाहावे लागते.

काही प्रत्यय विश्वासार्हतेची खूण ठरतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातील बँकांना फसवणूक रोखण्याच्या हेतूने 'डॉट बँक डॉट इन' या राखीव प्रत्ययाकडे वळण्याचे निर्देश दिले.

कायदेशीर बाजू

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी साम्य असणारे नाव घेतल्यास ते गमवावे लागू शकते. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ कंपनीच्या दाव्यात, एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या 'रॅडिफ' या नावाच्या वापरास मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. न्यायालयाबाहेर वाद सोडवण्यासाठी आयकॅनचे धोरण १९९९ पासून लागू आहे. त्यानुसार नावातील भ्रामक साम्य, धारकाच्या वैध हिताचा अभाव व दुष्ट हेतू या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने सिद्ध कराव्या लागतात.

सर्वसामान्य शब्दांच्या नावांना बाजारात मोठी किंमत येते. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले. मात्र असा सामान्य शब्द इतरांनी वापरू नये, असा दावा कायद्याने सहजासहजी टिकत नाही. वेगळा, अर्थाने व्यवसायाशी न जोडलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द या दृष्टीने अधिक सुरक्षित असतो.

नूतनीकरण व जतन

उत्तम नावही मुदत चुकल्यास हातचे जाते. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले व हॉटमेलच्या काही वापरकर्त्यांना आपला टपाल पाहता येईना. अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने ते शुल्क भरले. डॉट कॉमसारख्या प्रत्ययांत रद्द झालेले नाव मूळ धारकाला जादा शुल्क भरून ३० दिवसांत परत घेता येते. त्यानंतर ते सर्वांना खुले होते. नवा धारक जुन्या पत्त्यावर येणारे ईपत्र मिळवू शकतो व त्याआधारे जुन्या धारकाच्या इतर खात्यांचे परवलीचे शब्दही बदलू शकतो. त्यामुळे वापर थांबवल्यानंतरही नाव काही वर्षे राखून ठेवणे इष्ट असते.

शाळा, ग्रंथालये व लहान संस्था यांच्याबाबत नोंदणी संकेतस्थळ बांधून देणाऱ्या व्यक्तीच्या नावे असणे धोक्याचे ठरते, कारण नावाचा ताबा नोंदीत असलेल्या व्यक्तीकडे राहतो. नोंदणी संस्थेच्या नावे असावी, आणि सूचना मिळण्यासाठी दिलेला ईपत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. अन्यथा नाव बंद पडताच त्याविषयीची सूचनाही पोहोचत नाही.