बाँबर कमांडची विमानहानी आणि तिची मोजणी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडने जर्मनीवर जी दीर्घ हवाई मोहीम चालविली, तिच्या हानीविषयी दोन आकडे अभ्यासकाच्या नजरेस वारंवार पडतात. पहिला आकडा विमानांचा. युद्धकाळात या दलाने 3,64,514 उड्डाणे केली व त्यांत 8,325 विमाने गमावली. म्हणजे दर शंभर उड्डाणांमागे सव्वादोनांहून किंचित अधिक विमाने परत आली नाहीत. दुसरा आकडा माणसांचा. या दलात विमानकर्मी म्हणून सुमारे 1,25,000 लोकांनी सेवा केली आणि त्यांपैकी 55,573 मृत्यू पावले. हे प्रमाण शेकडा 44 पडते. पहिला आकडा वाचून मनावर जो संस्कार होतो, त्याच्या अगदी उलट संस्कार दुसऱ्याने होतो. आणि तरीही दोन्ही आकडे खरे आहेत. ते एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवून पुढे जाण्याची सवय आपल्या पाठ्यग्रंथांत रूढ आहे. वस्तुतः पहिल्या आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचण्याची वाट कशी आहे, हाच या विषयातील खरा प्रश्न होय. त्या काळचे निर्णय बहुतांशी पहिल्या आकड्यावर बेतले गेले आणि त्यांची किंमत दुसऱ्यात नोंदली गेली.

प्रथम ‘हानी’ म्हणजे काय ते पाहू. रात्रीचा हल्ला आटोपला की पहाटे प्रत्येक विमानतळावरून परतलेल्या विमानांची मोजदाद वर कळविली जाई. जे विमान कोणत्याही तळावर उतरले नाही व ज्याचा ठावठिकाणा लागला नाही, ते ‘बेपत्ता’. बेपत्ता विमानांची संख्या व रवाना झालेल्या विमानांची संख्या यांचे गुणोत्तर म्हणजे त्या रात्रीची हानी. व्याख्या सोयीची होती यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उपलब्ध होत असे. परंतु तिच्या कक्षेत काय येत नाही, हे 1943 च्या 16 डिसेंबरच्या रात्रीवरून चांगले कळते. त्या रात्री बर्लिनवर पाठविलेल्या लँकेस्टर विमानांपैकी 25 बेपत्ता झाली. उरलेली इंग्लंडवर येऊन पोचली तेव्हा पूर्व भागातील विमानतळांवर दाट धुके उतरले होते. इंधन संपत आलेली 29 लँकेस्टर विमाने स्वदेशाच्याच भूमीवर आदळून नष्ट झाली किंवा वैमानिकांना ती आकाशात सोडून पॅराशूटने उड्या घ्याव्या लागल्या. या अपघातांत सुमारे दीडशे माणसे मेली. ‘बेपत्ता’च्या स्तंभात मात्र 25 हाच आकडा राहिला. शत्रूने पाडलेल्या विमानांची गणना करावयाची असेल तर तो आकडा योग्यच आहे. पण त्या रात्री किती विमाने गेली, असे विचारले तर उत्तर 54 आहे. तसेच, प्रशिक्षणकाळात व अन्य अपघातांत आठ हजारांहून अधिक विमानकर्मी मृत्युमुखी पडले. मृतांच्या एकूण संख्येत ते आहेत, उड्डाणांच्या टक्केवारीत त्यांना स्थान नाही.

यापेक्षा अधिक महत्त्वाचे कारण अंकगणितातले आहे. टक्केवारी एका रात्रीची असते; माणूस मात्र एकाच रात्री उडत नाही. बाँबर कमांडमध्ये तीस मोहिमांची एक फेरी पूर्ण केल्यावर विमानकर्मींना विश्रांती मिळे व पुढे वीस मोहिमांच्या दुसऱ्या फेरीसाठी बोलावणे येऊ शके. दर मोहिमेस शेकडा 2.3 हा संपूर्ण युद्धाचा सरासरी दर धरला तरी तीस मोहिमांनंतर शंभरांपैकी सुमारे पन्नासच विमानचमू शिल्लक राहतात. 1943 च्या नोव्हेंबरपासून 1944 च्या मार्चअखेरपर्यंत बर्लिन व इतर जर्मन शहरांवर जे मोठे हल्ले झाले, त्यांत 1,047 विमाने बेपत्ता झाली आणि हानीचा दर शेकडा पाचांच्या किंचित वर गेला. पाच हा आकडा अडीचच्या दुप्पट आहे, एवढेच कार्यालयीन तक्त्यात दिसते. परंतु त्या दराने तीस मोहिमा पार पाडणारे शंभरांत जेमतेम वीस-एकवीस उरतात. दर दुपटीने वाढला की जगण्याची आशा निम्मी होत नाही, ती निम्म्याहूनही पुष्कळच खाली जाते. हा गुणाकार मुख्यालयातील अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हता असे मुळीच नव्हे. पण त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. कारखान्यांतून येणारी विमाने व प्रशिक्षणशाळांतून येणारी माणसे यांच्या पुरवठ्याने किती हानी भरून काढता येईल, हे त्यांना ठरवावयाचे होते; आणि त्या दृष्टीने शेकडा पाच ही ‘सोसता येण्याजोग्या’ हानीची कमाल मर्यादा मानली जात असे. सोसणारा कोण, हे त्या शब्दप्रयोगात सांगितलेले नाही.

मोहीम हे एकक तरी निश्चित होते काय? तेही नव्हते. 1944 च्या वसंतात फ्रान्समधील लोहमार्ग व लष्करी तळ यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा ही लक्ष्ये जर्मनीच्या मानाने सोपी समजून तेथील एक मोहीम एक तृतीयांश मोहीम धरावी असा नियम करण्यात आला. म्हणजे अशा तीन रात्री उडल्यावर फेरीत एकाची भर पडावयाची. 3 मेच्या रात्री मायी-ल-काँ येथील जर्मन लष्करी छावणीवर हल्ला झाला. लक्ष्यावर बाँब टाकण्याची आज्ञा पोचण्यास विलंब लागला, विमाने चांदण्यात घिरट्या घालीत राहिली आणि जर्मन रात्र-लढाऊ विमानांनी 42 लँकेस्टर पाडली. हा दर शेकडा अकराहून अधिक पडतो. त्यानंतर तो अपूर्णांकाचा नियम रद्द झाला. ही हकीकत युद्धेतिहासात सहसा तळटीपेपुरतीच येते. माझ्या मते तिची योग्यता त्याहून मोठी आहे, कारण मोजणीचे एकक बदलणे म्हणजे माणसाने किती वेळा मृत्यूच्या दारात उभे राहावे हे बदलणे होय, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

आता विमान गेले म्हणजे माणसेही गेली, हे गृहीतक तपासू. चार एंजिनांच्या जड बाँबफेकी विमानात बहुधा सात माणसे असत : वैमानिक, एंजिनांवर लक्ष ठेवणारा यंत्रज्ञ, नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्रचालक आणि वरच्या व शेपटीकडील मनोऱ्यांत बसणारे दोन तोफची. विमान पेटल्यावर यांपैकी किती जण पॅराशूट घेऊन बाहेर पडू शकत, हे विमानागणिक भिन्न होते. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेला फ्रीमन डायसन 1943 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, बाँबर कमांडच्या कार्य-संशोधन विभागात दाखल झाला. त्याने नंतर जे लिहून ठेवले आहे त्यावरून, दिवसा पाडल्या गेलेल्या अमेरिकन बाँबफेकी विमानांतील निम्मे लोक जिवंत बाहेर पडत. हॅलिफॅक्स व स्टर्लिंग या ब्रिटिश विमानांतील सुमारे एक चतुर्थांश. आणि लँकेस्टरमधील शेकडा पंधरा. लँकेस्टरच्या नाकाच्या तळाशी असलेली सुटकेची झडप बावीस इंच रुंद होती, हॅलिफॅक्सची चोवीस. जाड कपडे, पॅराशूटचे ओझे, काळोख आणि गरगरत खाली जाणारे विमान यांचा विचार केला म्हणजे दोन इंचांचा अर्थ कळतो. डायसनच्या एका सहकाऱ्याने ही झडप रुंद करविण्यासाठी दीर्घकाळ खटपट केली. पण सुधारित झडप प्रत्यक्षात येईपर्यंत युद्ध जवळजवळ संपले होते.

येथे एक गुंतागुंत आहे व ती टाळता कामा नये. दर उड्डाणामागे हॅलिफॅक्सची हानी लँकेस्टरपेक्षा जास्त होत असे. 1944 च्या 19 फेब्रुवारीच्या रात्री लाइप्झिगवरील हल्ल्यात 823 पैकी 78 विमाने गेली. त्यांत हॅलिफॅक्सचे प्रमाण इतके भारी होते की त्या विमानाचे जुने प्रकार जर्मनीवरील मोहिमांतून काढून घेण्यात आले. सरसेनापती आर्थर हॅरिस याचा लँकेस्टरविषयीचा आग्रह प्रसिद्धच आहे. गमावलेल्या प्रत्येक विमानामागे किती टन बाँब टाकले गेले, या मापाने लँकेस्टर निःसंशय श्रेष्ठ होते. म्हणून ‘लँकेस्टर घातक आणि हॅलिफॅक्स सुरक्षित’ असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. एक विमान कमी वेळा पडे, पण पडले की जवळजवळ सर्वांना घेऊन पडे. दुसरे अधिक वेळा पडे, पण त्यातून काही जण सुटत. माणसाचा धोका या दोन्हींच्या गुणाकारावर अवलंबून होता. परंतु सकाळच्या तक्त्यात गुणाकाराची केवळ पहिली संख्या येत असे. दुसरी संख्या जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत युद्धकैद्यांची नावे येईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे वा महिने, अज्ञातच राही. उशिरा मिळणाऱ्या माहितीला निर्णयात कमी वजन मिळते, ही कार्यालयांची जुनीच रीत आहे.

पुराव्याचे स्वरूपही लक्षात घेतले पाहिजे. हल्ल्यानंतर जबान्या घेतल्या जात त्या परतलेल्यांच्या. ज्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला त्यांची साक्ष उपलब्ध नव्हती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील संशोधनगटात अब्राहम वाल्ड या सांख्यिकीविदाने 1943 मध्ये याच अडचणीतून मार्ग काढला होता. परत आलेल्या विमानांवर जेथे गोळ्यांची छिद्रे कमी आढळतात, तेथे गोळी लागलेली विमाने परत आली नसण्याचा संभव अधिक, हे त्याच्या विवेचनातील मर्म. (भारतीय वाचकाला हेही ठाऊक असावे की हाच वाल्ड व्याख्यानांसाठी या देशात आला असता 1950 च्या डिसेंबरमध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मरण पावला.) बाँबर कमांडमध्ये अशी दक्षता सर्वत्र पाळली गेली नाही. अनुभवी विमानचमू अधिक काळ टिकतो, असे नव्या भरतीला सांगितले जाई. डायसनने आकडे पडताळून पाहिले तेव्हा, युद्धाच्या आरंभीच्या काळात खरा असलेला हा संबंध 1944 पर्यंत नाहीसा झाल्याचे त्याला आढळले. याचे कारण ब्रिटिशांना त्या वेळी उमगले नाही. जर्मन रात्र-लढाऊ विमानांवर 1943 पासून तिरप्या, वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसविण्यात येत होत्या. जर्मन वैमानिक बाँबफेकी विमानाच्या बरोबर खाली, जेथून तोफचीला काही दिसत नसे अशा जागी येई आणि पंखातील इंधनाच्या टाक्यांवर मारा करी. तोफगोळ्यांना प्रकाशाची रेघही नसे. अशा हल्ल्यात अनुभव कामास येत नव्हता, आणि त्याची हकीकत सांगावयास क्वचितच कोणी परत येई.

दूरवर विमाने अकस्मात फुटताना परतणाऱ्यांनी पाहिली होती. तेव्हा त्यांना समजावण्यात येई की शत्रू आपल्याला घाबरविण्यासाठी विमानाच्या स्फोटाचा आभास करणारे एक प्रकारचे गोळे उडवीत आहे. युद्धानंतर जर्मन बाजूचा शोध घेतला असता असे गोळे मुळात नव्हतेच असे निष्पन्न झाले. त्या रात्री जे फुटताना दिसले ते खरेच विमान होते आणि त्यात सात माणसे होती.

1944 च्या 30 मार्चच्या रात्री न्यूरेंबर्गवर 795 विमाने गेली व 95 परत आली नाहीत. एका रात्रीची ही सर्वांत मोठी हानी होय. पाचशेहून अधिक माणसे एका रात्रीत मेली. तिच्यावर विपुल लेखन झाले असल्याने येथे अधिक लिहीत नाही.

ही सर्व माणसे स्वेच्छेने विमानसेवेत आलेली होती. त्यांत ब्रिटिशांखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड इत्यादी देशांतील लोक होते. मृतांपैकी कॅनेडियन हवाई दलाचेच सुमारे 10,000 होते. त्यांनी टाकलेल्या बाँबांखाली जर्मनीत लक्षावधी नागरिक मेले, ही गोष्ट बाजूला सारून त्यांचा इतिहास लिहिता येत नाही. युद्धोत्तर काळात त्यांच्या स्मृतीविषयी ब्रिटनमध्ये जो संकोच राहिला त्याचे मूळ तेथेच आहे. लंडनमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते 2012 मध्ये.

युद्ध संपल्यावर बेपत्तांचा शोध घेण्यासाठी हवाई दलाने पथके पाठविली. त्यांची कार्यपद्धती आमच्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. खेड्यातील पाद्री, पोलीस, शेतकरी यांच्याकडे चौकशी करावयाची. अनामिक कबर उघडावयाची. कपड्यावरील धोब्याची खूण, अंगठी, बुटाचा प्रकार पाहावयाचा. यांपैकी काहीच न उरले तर मातीत रुतलेल्या एंजिनावरचा किंवा मशिनगनवरचा क्रमांक शोधावयाचा. क्रमांकावरून विमान, विमानावरून स्क्वाड्रनची नोंदवही, नोंदवहीतून त्या रात्रीची सात नावे, आणि ज्यांची ओळख पटली ती वगळून उरलेले नाव. जी कागदपत्रे माणसापेक्षा यंत्राची गणना करण्यासाठी ठेवली होती, त्यांच्याच आधारे माणसाला त्याचे नाव परत मिळाले. जेथे अवशेष वेगळे करणे अशक्य होते, तेथे सर्वांना एकाच कबरीत ठेवण्यात आले.

ज्यांचा मागमूस लागला नाही, अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे थेम्सकाठी रनीमीड येथील स्मारकावर कोरली आहेत. त्याचे अनावरण 1953 च्या ऑक्टोबरमध्ये झाले. हे स्मारक केवळ बाँबर कमांडचे नाही, हवाई दलाच्या इतर शाखांतील बेपत्तांचीही नावे तेथे आहेत. अलीकडे लिंकन येथील बाँबर कमांड केंद्राने मृतांची जी सूची केली आहे, तिच्यात सुमारे 58,000 नावे आली आहेत. हा फरक बराचसा कोणाला ‘बाँबर कमांडचा’ म्हणावयाचे या व्याख्येमुळे पडतो. रनीमीडच्या भिंतींवर नावे वर्षवार आणि पदवार लावलेली आहेत. त्यामुळे एकाच विमानातून गेलेला अधिकारी एका फलकावर व सार्जंट दुसऱ्यावर सापडतो. ज्याचा देह समुद्राने डेन्मार्कच्या किंवा हॉलंडच्या किनाऱ्यावर आणून टाकला तो तिसरा तिकडच्या एखाद्या गावच्या दफनभूमीत असतो. ते सातही जण एकत्र पाहावयाचे असतील तर अभ्यासकाला लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात जाऊन स्क्वाड्रनची नोंदवही उघडावी लागते. तेथे एका ओळीत त्यांची नावे, विमानाचा क्रमांक आणि उड्डाणाची वेळ दिलेली असते. उतरल्याची वेळ लिहावयाचा रकाना कोरा असतो.