जेवणाचा डबा शोभेच्या कपाटात कसा गेला? जपानी जूबाको आणि वस्तू वाचण्याची रीत

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न बहुतेक वेळा येतो: "तुमची प्राथमिक साधनं कोणती?" आपण पटकन दफ्तरं, पत्रं, हस्तलिखितं अशी यादी सांगतो. वस्तू हेसुद्धा साधन असतं, हे मात्र राहून जातं. म्हणून आज एकच वस्तू घेऊ: जपानी जूबाको.

जूबाको म्हणजे एकावर एक बसणारे चौकोनी लाकडी कप्पे आणि वर झाकण. आपल्या कप्प्यांच्या डब्याचाच हा भाऊबंद. एदो काळात (1603–1868) तो जपानमध्ये चांगलाच रुळला. नववर्षाचे 'ओसेची' पदार्थ आजही त्यात मांडतात. चेरीचा बहर बघायला जाताना न्यायचा, मूठ असलेला आणि मद्याची सुरई, ताटल्या यांसकट येणारा प्रकारही होता. आज हेच जुने डबे जगभर लिलावात विकले जातात आणि दिवाणखान्यात दिव्याखाली मांडले जातात. जेवणाची वस्तू शोभेची झाली, यात वस्तूचं काय झालं, हा आपला प्रश्न.

सुरुवात पदार्थापासून करा. मी विज्ञानाकडून आलोय म्हणून नव्हे. वस्तूबद्दलचे पुष्कळ गैरसमज तिथेच सुटतात म्हणून. डब्यावरचा लेप म्हणजे 'उरुशी', एका झाडाचा चीक. झाड साधारण दहा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला चिरा देतात आणि एका हंगामात जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो. या झाडाचं कूळ आंबा, काजू आणि बिब्ब्याचं. बिबा उतून अंगावर फोड आलेलं कुणी पाहिलं असेल, तर कच्च्या उरुशीने कारागिराच्या हाताचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

हा लेप 'वाळतो' असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं बरोबर नाही. त्यातलं उरुशिओल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट जाळं बनवतं, आणि हे काम चिकातलंच एक विकर करतं. हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला 'लॅकेज' नाव मिळालं. त्याला ओलावा लागतो, म्हणून लेप दिलेली वस्तू दमट कपाटात ठेवतात. एकदा घट्ट झालेला थर पाणी, मद्य, आम्ल यांना दाद देत नाही. अन्नाच्या डब्याला हाच लेप का, याचं उत्तर इथे आहे.

आता नावाकडे या. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले. आशियातल्या त्यांच्या कारभाराचं केंद्र होतं गोवा. आपल्याकडची 'लाख' त्यांच्या भाषेत 'लाका' झाली आणि त्यावरून इंग्रजी 'लॅकर'. पण लाख किड्यापासून मिळते, उरुशी झाडापासून. तेव्हा यादीत 'लॅकर' दिसलं की थांबा. प्रयोगशाळेत उरुशिओल सापडलं तर लाख नाही हे ठरतं. पण चीन आणि जपानमध्ये झाड एकच असल्याने तेवढ्यावरून 'जपानी' असं लिहिता येत नाही. पुरावा कुठे थांबतो, हेही लिहायचं असतं.

जपानी पेट्या शोभेसाठी जमवणं युरोपात जुनंच. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला आईकडून 1781 मध्ये अशा सुमारे 50 छोट्या पेट्या वारशाने मिळाल्या. 1871 मध्ये जपानमधली सरंजामी संस्थानं खालसा झाली, तेव्हा बड्या घराण्यांच्या वस्तू बाजारात आल्या. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनाने मागणी आणखी वाढवली. त्या प्रदर्शनातून परतणारं 'नील' जहाज 1874 मध्ये इझूच्या किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षाहून अधिक काळ समुद्रतळाशी राहूनही बाहेर काढलेलं काही उरुशीकाम चांगल्या अवस्थेत होतं.

जो लेप खाऱ्या पाण्यात टिकला, तो खिडकीतल्या उन्हात मात्र टिकत नाही. अतिनील किरणांनी थर हळूहळू तुटतो, चकाकी जाते, बारीक तडे पडतात. कोरड्या, तापवलेल्या खोलीत खालचं लाकूड आकसतं. संग्रहालयात अशा वस्तूंवरचा उजेड साधारण 50 लक्सच्या आत ठेवतात तो यासाठीच. म्हणजे दिवाणखान्यात दाखवण्यासाठी मांडलेला डबा तिथेच झिजत असतो. आणि झिजतो तो नुसता देखणेपणा नाही, आपला पुरावाही.

तो पुरावा कुठे शोधायचा? आतल्या तळावर वापराचे ओरखडे आहेत का? जादा झाकण आहे का? काही संचांना दोन झाकणं असतात, म्हणजे कप्प्यांचे दोन गठ्ठे करून दोन्हीकडे वाढता येतं. शोभेच्या पेटीला याची गरजच नाही. डबा ठेवायची साधी लाकडी पेटी सोबत आहे का, तिच्यावर काय लिहिलंय? ते लिहिणं मात्र दावा समजा, पुरावा नव्हे. पेट्या बदलल्या जातात.

तुमच्या विषयात जूबाको कधीच येणार नाही कदाचित. पण घरातलं एखादं जुनं भांडं हातात घ्या आणि एक पान लिहा: कशाचं आहे, झीज कुठे आहे, नाव कुणी दिलं. पुस्तक त्यानंतर उघडा.