नॉर्विचचा पील आणि घंटावादक संघांच्या नोंदी

इंग्लंडमधील चर्चच्या मनोऱ्यांत सतराव्या शतकात रुजलेली क्रमबदल घंटावादनाची कला सुरावटीपेक्षा गणितावर उभी आहे. घंटा चाकाला जोडलेली असते, दोर ओढताच ती पूर्ण फेरी घेते, आणि वादक ती फेरी किंचित लांबवून वा आखडून घंटेचे क्रमातील स्थान बदलतो, मात्र एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात आणि ते सर्व न थांबता वाजवण्याला ‘पील’ म्हणतात. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी झालेला, ३ तास १८ मिनिटांचा पील हा नोंद असलेला पहिला निर्दोष पील मानला जातो. वादकांना कागद न पाहता केवळ स्मरणावर विसंबावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पराक्रमाची थोरवी कळते.

एकोणिसाव्या शतकात धर्मप्रांतांनुसार, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्रांनुसार, प्रादेशिक संघ निघाले आणि १८९१ मध्ये त्यांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. संघांच्या वार्षिक अहवालांत वर्षभरातील पील, त्यांचा कालावधी व वादकांची नावे छापली जातात, प्रथमच पील वाजवणाऱ्याचा उल्लेख आवर्जून होतो, आणि त्यामुळेच एरवी इतिहासात कुठेही न सापडणारी सामान्य गावकऱ्यांची कर्तबगारी टिकून राहिली आहे. क्रमबदल वादनाच्या अशा आठ घंटा पुण्यात पंचहौद येथील चर्चच्या मनोऱ्यातही आहेत.