शिक्षा आणि हसू

अपराधाच्या मानाने शिक्षा असावी, हा न्यायशास्त्राचा जुना दंडक. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांनी तो खुशाल मोडला. १८४४ च्या नाताळापूर्वी ते आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक शोधू लागले, तो जिकडेतिकडे उपदेशच! अखेर कोरी वही आणून त्यांनी स्वतःच चित्रे व पद्ये रचिली. १८४५ साली ती छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने गाजली. तीत अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कातरीने छाटतो. सूप नाकारणारा पाचव्या दिवशी मरतो. हे क्रौर्य होय, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. काही मुले भ्यालीही असतील. परंतु जे मूल हसते, त्याला शिक्षेचा अतिरेक उमगलेला असतो. न्यायबुद्धीचा पहिला अंकुर तो हाच.