रेंज कमी असली की बॅटरी लवकर का संपते?

फोन खिशातच आहे, तरी बॅटरी भराभर उतरतेय? आधी रेंजच्या दांड्या बघा. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो. 4जीवर ही ताकद साधारण 0.2 वॅटपर्यंत जाते. टॉवर जवळ असेल तर त्याच्या कितीतरी पट कमीत भागतं. रेंज पूर्ण गेली तर फोन टॉवर शोधतच राहतो.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगरसह श्रीवर्धन तालुक्यात वीजही गेली आणि नेटवर्कही. अशा वेळी एअरप्लेन मोड लावून चार्जिंग वाचवा. मात्र या मोडमध्ये कॉल किंवा धोक्याचे इशारे येत नाहीत, म्हणून ठरावीक वेळाने तो काढून मेसेज बघा. दोन सिम असतील तर रेंज नसलेलं सिम बंद ठेवा.