निळ्या बाळांची नवी वाट

मूल जन्मले, की त्याचा रंग कोणावर गेला हे पाहायला घरची मंडळी पाळण्याभोवती जमतात. पण काही बाळांचा रंग ना आईवर गेलेला असतो, ना बापावर. ओठ निळे, नखे निळी आणि रडू लागले की निळाई अधिकच गडद! १८८८ साली मार्सेय येथील फॅलो या वैद्याने यातील एका विकाराची चार लक्षणे सांगितली : फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक, महारोहिणी त्या भोकावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. परिणाम असा, की अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता परस्पर अंगभर फिरते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई; त्या हाताच्या स्पर्शाने हृदय जाणून घेत. त्यांनी एक गोष्ट हेरली. गर्भात महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी यांना जोडणारी एक नळी असते. जन्मानंतर ती मिटते. निळ्या बाळांची ही नळी उघडी असेतो ती बरी असत, मिटली की खालावत. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली अशी उघडी राहिलेली नळी बांधून दाखवली होती. मग नवी नळी का घडवू नये? ग्रॉस यांनी नकार दिला. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी मनावर घेतले.

वाचकहो, या कथेत मला सर्वांत मोठा वाटतो तो तिसरा माणूस. व्हिव्हियन टॉमस हा कृष्णवर्णी, सुतारकाम जाणणारा तरुण. १९२९च्या मंदीत कॉलेजाचा बेत लांबणीवर पडला, म्हणून तो ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. हुद्दा झाडूवाल्याचा, काम संशोधकाचे! हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुसाच्या रोहिणीला कशी शिवावी, हे त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून बसवले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका पंधरा महिन्यांच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. टॉमस ब्लेलॉक यांच्या पाठीमागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यावा ते सांगत होता. मुलगी सुधारली, पण पुढे पुन्हा निळी पडली आणि गेली. फेब्रुवारी १९४५मध्ये एका सहा वर्षांच्या मुलाचे ओठ मात्र टेबलावरच गुलाबी झाले. मग दूरदूरचे आईबाप मुले घेऊन बाल्टिमोरची वाट धरू लागले.

त्या वर्षी छापलेल्या लेखाच्या माथ्यावर नावे दोनच होती : ब्लेलॉक आणि टॉसिग. टॉमसला विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. ब्लेलॉक १९६४ मध्येच वारले होते.

आज हृदय उघडून मूळ दोषच दुरुस्त करता येतो. तरीही एखादे तान्हे मूल त्यासाठी फार अशक्त असेल, तर कृत्रिम नळीने असाच जोड देऊन त्याला वाढायला अवधी देतात. आता त्या जोडाला तिघांचीही नावे लावली जातात.